ब्लेअर व्हॅलीत आई-बाबांसोबत पहिली रात्र: काय न्यायचं, तंबू कुठे ठोकायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सॅन डिएगोहून निघून, भारतातून आलेले सत्तरीतले आई-बाबा आणि नऊ व सहा वर्षांची मुलं घेऊन, अँझा-बोरेगोच्या वाळवंटात ब्लेअर व्हॅलीच्या फुकटच्या ‘प्रिमिटिव्ह’ कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहायचंय. आजवर कॅम्पिंग केलंय ते नळ, शॉवर आणि नंबरची पाटी असलेल्या जागांवर. तर जमेल का, आणि काय काय न्यावं लागेल?

जमेल. पण पहिल्या खेपेला दोन नाही, एकच रात्र करा. आणि तिथे दुपारी दोनच्या आत पोचा. पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी एवढं सोडू नका.

दोनच्या आत कशासाठी? नोव्हेंबरच्या शेवटी इथे पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. मी गेली अठरा वर्षं या भागात जातोय, कधी एकटा, कधी पाच-सहा कुटुंबांचा लवाजमा घेऊन. माझ्या पाहण्यात ज्या रात्री बिघडल्या, त्यातल्या बहुतेक अंधारात पोचलेल्या लोकांच्या. हेडलाइटच्या उजेडात सगळी जमीन सपाट दिसते. सकाळी कळतं की आपण ओढ्याच्या पात्रात झोपलो होतो, किंवा तंबूच्या दारापासून दोन हातांवर चोया नावाच्या काटेरी निवडुंगाचं झुडूप आहे, किंवा मुंग्यांच्या वारुळावर चादर अंथरलीय. नंबराच्या जागेवर कोणीतरी आधी येऊन ती जमीन सपाट करून ठेवलेली असते. इथे जागा निवडणं हेच अर्धं काम, आणि ते काम उजेडातच होतं.

आता ही जमीन कोणाची ते सांगतो, कारण नियम त्यावरून ठरतात. ‘पब्लिक लँड’ म्हटलं की आपल्या लोकांना एकतर बाग आठवते नाहीतर सरकारी कचेरी. मला जवळचा शब्द वाटतो तो गायरान. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे खातं १९४६ साली जन्मलं तेच मुळी चराईच्या जमिनींचं खातं आणि जमीनवाटपाचं जुनं खातं एकत्र करून. आज त्यांच्याकडे साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास जमीन आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागात अजून गुरं चरतात. तिथे साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एका जागी फुकट मुक्काम करता येतो. पण ब्लेअर व्हॅली बीएलएमची नाही. ती अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्कात येते. १९३३ सालचं हे पार्क सहा लाख एकरांहून मोठं आहे, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क. लोक बीएलएमचे नियम वाचून इथे येतात आणि जमिनीवर शेकोटी पेटवतात. इथे ते चालत नाही. त्यावर पुढे येतो.

तिथे मिळतं काय? एक कच्चा रस्ता, त्याच्या कडेने गाड्या लावून लावून तयार झालेल्या मोकळ्या जागा, आणि पिट टॉयलेट. संपलं. पाणी नाही, बाकडं नाही, कचऱ्याचा डबा नाही, दिवा नाही, बुकिंग नाही, पैसेही नाहीत. फोनला रेंज नाही असंच धरून चाला. मी पहिल्यांदा येणाऱ्यांना मुद्दाम ब्लेअर व्हॅलीच सुचवतो, कारण डांबरी रस्त्यापासून ती फार आत नाही, कोरड्या दिवसांत साधी सेडान आरामात जाते, आणि टॉयलेट आहे. त्याहून आत, रस्त्याकडेला कुठेही राहण्याची परवानगी या पार्कात आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

रस्ता असा: सॅन डिएगोहून ८ नंबरच्या फ्रीवेने पूर्वेला, मग ७९ ने क्युयामाकाच्या ओक-पाइनमधून ज्युलियन. ज्युलियनला पेट्रोलची टाकी भरा आणि पाण्याच्या बाटल्याही. तिथून ७८ ने बॅनर ग्रेडचा घाट उतरलात की सिझर्स क्रॉसिंगचा फाटा लागतो. उजवीकडे एस-२ रस्त्याला वळा. सहाएक मैलांवर, मैलाच्या २३ व्या खुणेजवळ, डाव्या हाताला ब्लेअर व्हॅलीची पाटी आहे. घरापासून दोन-सव्वादोन तास धरा. मुलं गाडी लागणारी असतील तर अडीच, कारण घाट वळणांचा आहे. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, त्यात बऱ्याचदा कच्च्या रस्त्याला मनाई असते. आणि नुकताच पाऊस झाला असेल तर व्हॅलीच्या मध्ये जी कोरड्या तळ्याची सपाट जमीन दिसते, तिथे गाडी घालू नका. वरून भाजलेल्या पापडासारखी कोरडी दिसते आणि चाक गेलं की खाली लोण्यासारखा चिखल निघतो. गाडी रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीहून आत न्यायची नाही, हा इथला नियम आहे. तो रेंजरच्या भीतीने नव्हे, पण पाळा; वाळूवरचा टायरचा माग वर्षानुवर्षं राहतो.

पोचलात की लगेच तंबू उतरवू नका. आधी वीस मिनिटं पायी फिरा. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, ओढा. इकडे त्याला वॉश म्हणतात. गंमत अशी की सगळ्या व्हॅलीत झोपायला सगळ्यात मऊ, सगळ्यात स्वच्छ, बिनखड्यांची वाळू असते ती नेमकी ओढ्यात. ती तिथे पाण्यानेच आणून चाळून ठेवलेली असते. खुणा सोप्या आहेत: जुनी झुडपं नाहीत, दोन्ही बाजूंना हातभर उंचीची कापलेली कड आहे, आणि काठच्या फांद्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर काड्या-पाचोळ्याचे गुंते अडकलेत. तो पाचोळा जिथे अडकलाय तिथपर्यंत पाणी येऊन गेलंय. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. मागच्या डोंगरावर पडला की पुरे. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळ इकडे आलं तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात किती रस्ते वाहून गेले ते आम्ही पाहिलंय. नोव्हेंबरात असं होण्याची शक्यता कमी, पण सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

दुसरं, थंडी. ब्लेअर व्हॅली साधारण २,५०० फुटांवर आहे आणि आकाराने परातीसारखी. रात्री डोंगरावरची गार हवा जड होऊन उतरते आणि परातीच्या तळाशी साचते. म्हणून मधल्या सपाटीपेक्षा कडेला, थोडं चढावर, खडकांच्या पायथ्याशी राहिलात तर चांगला फरक पडतो. आई-बाबांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. लोक हवामान बघतात ते बोरेगो स्प्रिंग्ज गावाचं. ते गाव जवळजवळ दोन हजार फूट खाली आहे. त्यातून पाच-सहा अंश सेल्सियस वजा करा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर नेमक्या ठिकाणी बोट ठेवून अंदाज काढता येतो, तोच बघा. दिवसा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पहाटे बाटलीत बर्फ, असं इथे हिवाळ्यात होतं.

तिसरा वारा. आणि वाऱ्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भारतातून आलेला माणूस वाळवंट म्हटलं की उन्हाला घाबरतो, विंचवाला घाबरतो, सापाला घाबरतो. वाऱ्याचं नाव कोणी काढत नाही.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब, तुमच्यासारखंच, आजीला घेऊन आलं होतं. नवाकोरा सहा जणांचा उंच तंबू, आत माणूस उभा राहील असा. सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे वाकवलेली तार. संध्याकाळी पान हलत नव्हतं, त्यामुळे दोरखंड बांधायचा कंटाळा केला. रात्री दीडला पश्चिमेकडून पहिला झोत आला. तंबूचा कोपरा सुटतो तेव्हा ओली चादर झटकल्यासारखा आवाज येतो. तो मी शंभर फुटांवरून ऐकला. जाऊन बघतो तर आजी गाडीत पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेल्या, मुलं मागे, आणि हा गृहस्थ तंबूच्या आत मधला खांब दोन्ही हातांनी धरून उभा. तंबू पाडू या म्हटलं तर म्हणाला, “थांबेल हो आता.” चार वाजेपर्यंत थांबला नाही. सकाळी खांब धनुष्यासारखा वाकलेला आणि सगळ्या अंथरुणात, नाकात, दातांत बारीक रेती. त्या कुटुंबाने त्यानंतर वाळवंटाचं नाव काढलं नाही.

कारण साधं आहे. पॅसिफिकवरून हवा आली की ती लगूना डोंगरांची रांग चढते आणि या बाजूला धबधब्यासारखी कोसळते. संध्याकाळी शांत असणं याचा काहीही अर्थ नाही. म्हणून जागा बघताना पश्चिमेला मोठा खडक किंवा टेकाड असेल अशी बघा. खडक नसेल तर गाडीच आडवी लावून तिचा आडोसा करा. तंबू बुटका असलेला बरा, आणि त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे. तारेच्या खुंट्या घरीच ठेवा. रेताड जमिनीत वीतभर तरी लांब, रुंद पात्याच्या खुंट्या लागतात. त्याही धरत नसतील तर जाड कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा, पिशवी फूटभर खोल आडवी पुरा आणि वर वाळू दाबा. ही पिशवी दोन माणसांना उपटत नाही. निघताना खड्डा बुजवायचा. सावलीसाठी जे चार पायांचं छत नेतात, ते सूर्य मावळला की मिटून ठेवा. मी ते उडून शेजाऱ्याच्या काचेवर गेलेलं पाहिलंय. ते छत माझंच होतं. भरपाई दिली.

पाणी. प्यायला, स्वयंपाकाला आणि हात-तोंडाला मिळून माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असा इकडचा ठोकताळा आहे. आपल्या घराला तो पुरत नाही. भात धुवायचा, चहा चारदा, भांडी विसळायची, आणि टॉयलेटला पाणी न्यायचं, हे त्या हिशोबात कोणी धरलेलंच नाही. मी सहा लिटर धरतो. तुम्ही सहा जण, एक रात्र; चाळीस लिटर न्या आणि वर दहा लिटर गाडीत वेगळे ठेवा, त्यांना गाडी बंद पडल्याशिवाय हात लावायचा नाही. एकच मोठा ड्रम नको. एका वर्षी आमच्या ड्रमची तोटी घाटात सामानाला घासून उघडली, आणि फाट्याला पोचेपर्यंत अर्धं पाणी अंथरुणांनी प्यायलं होतं. पाच गॅलनचा भरलेला कॅन एकोणीस किलोचा होतो. तो बाबांना उचलू देऊ नका. छोटे कॅन, वेगवेगळे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडची ज्येष्ठ माणसं रात्री अंधारात उठायला लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी तोडतात. वाळवंटात घाम जागच्या जागी वाळतो, तहान लागल्याचं कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरतं, चक्कर येते. आईंना सांगून उपयोग नाही. हातात ग्लास द्या. रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आणि त्यांचा तंबू टॉयलेटपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठेवा, वास येणार नाही इतका लांब. वाटेवर रात्री छोटे दिवे ठेवले की त्या निर्धास्त पाणी पितात. हा उपाय माझ्या आईचा.

टॉयलेट म्हणजे सिमेंटची खोली, आत कमोडसारखी सीट आणि खाली मोठी टाकी. फ्लश नाही. छतावर जी काळी नळी दिसते ती उन्हाने तापते, आतली हवा वर ओढते, आणि वास खोलीत येण्याऐवजी नळीतून जातो. म्हणून झाकण बंद ठेवायचं. आत कचरा, ओले वाइप्स, डायपर काही टाकायचं नाही. टाकी उपसणाऱ्या माणसाला ते हाताने काढावं लागतं. कागद असेलच असं नाही, आपला न्या. पाण्याची बाटली बिनधास्त न्या, फक्त सीट आणि फरशी कोरडी करून या. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी ही खोली कशी असते ते सांगत नाही. गुरुवारी किंवा शुक्रवारी जाणं हे रविवारपेक्षा बरं, एवढंच.

शेकोटीचा नियम कडक आहे: आग फक्त धातूच्या भांड्यात, आणि राख-कोळसे परत न्यायचे. आपल्याकडचं पत्र्याचं घमेलं असतं ना, तसलं भांडं सगळ्यात उत्तम. इकडे हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा टब मिळतो. खाली तीन दगड ठेवून जमिनीपासून उचला. लाकूड तिथलं गोळा करायचं नाही, वाळलेली काटकीसुद्धा. तिथे एक झुडूप वाळून पडायला माणसाचं आयुष्य लागतं आणि त्याखाली अख्खं गाव राहतं. घरून लाकूड नेतानाही थांबा. सॅन डिएगोच्या डोंगरांतले ओक गेली वीसेक वर्षं एका सोनेरी ठिपक्यांच्या भुंग्याने वाळताहेत. तो मूळचा ॲरिझोनाचा; इथे २००४ मध्ये सापडला, आणि ओक त्यानेच मरताहेत हे २००८ मध्ये कळलं. तो बहुधा जळणाच्या लाकडातून आला असं मानतात. क्युयामाकातून जाताना उभी वाळलेली झाडं दिसतील. म्हणून मोळी ज्युलियनच्या आसपास विकत घ्या आणि उरलेली घरी आणू नका, तिथेच कोणाला तरी देऊन या. झोपायच्या आधी पाणी घालून हाताने चाचपून बघा. राख गार झाली की झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत राख भरून डिकीत टाकणारे महाभाग मी पाहिलेत. गालिच्याला भोक पडलं तेव्हा थांबले.

खाण्याचं फार सांगत नाही, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं होत असेल. एवढंच, की तिथे जाऊन स्वयंपाक करायचा हट्ट नको. आमटी किंवा छोले घट्ट करून डब्यात गोठवा. तोच तुमचा बर्फ. सुट्टा बर्फ वितळून सगळं ओलं करतो, त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवा, वितळल्यावर पिता येतात. थालीपीठं घरून, मेतकूट-भात तिथे. गॅसची शेगडी वाऱ्याच्या आडोशाला, आणि तंबूत कधीही नाही, थंडी असली तरी. भांडी आधी कागदाने पुसा, मग वाटीभर पाण्यात विसळा. ते खरकटं पाणी बादलीत साठवून परत न्या. वाळूवर ओतलं की रात्री कोल्ह्याचे भाईबंद येतात. इकडे त्यांना कायोटी म्हणतात, आणि त्यांची कुई ऐकून बाबा गावाकडच्या गोष्टी सुरू करतील याची तयारी ठेवा.

अंथरुण: जाड झोपायच्या पिशवीपेक्षा खालची गादी महत्त्वाची. थंडी जमिनीतून येते. हवेची फुगवायची गादी दिसायला छान, पण आतली हवा गार पडली की बर्फाच्या लादीवर झोपल्यासारखं होतं. तिच्या खाली-वर फोमचा एकेक थर हवाच. आई-बाबांसाठी घडीच्या खाटा न्या, गुडघे वाचतात, पण खाटेवरही फोम घाला. कानटोपी लागतेच. आपल्याकडचा माणूस स्वेटर तीन आणतो आणि टोपी विसरतो.

जीवजंतूंबद्दल मुलांना एक छंद लावून द्या: अल्ट्राव्हायलेट टॉर्च. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. मुलांची भीती जाते आणि चालताना ती खाली बघायला शिकतात. बूट रात्री तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे. खडकाच्या फटीत हात घालायचा नाही. साप नोव्हेंबरात बहुधा बिळात असतो, पण ऊबदार दुपारी बाहेर येतो. खरा त्रास चोयाचा. दिसायला मऊ, सोनेरी, लव असलेलं टेडीबेअर. आणि नुसता धक्का लागला की त्याचा लिंबाएवढा तुकडा तुटून कातडीला चिकटतो. काट्यांना सूक्ष्म उलटे अंकुश असतात, त्यामुळे हाताने ओढायला गेलात की तो हातालाही चिकटतो. खिशात मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. कंगवा तुकड्याच्या आणि कातडीच्या मध्ये सरकवायचा आणि एका झटक्यात लांब उडवायचा, समोर कोणी नाही ना बघून. राहिलेले काटे चिमट्याने.

दुपारी दोनला पोचलात तर उजेडाचे दोन-अडीच तास हातात राहतात. त्यात मोर्तेरोची वाट करा. कच्च्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की पाटी आहे, तिथून फारसं चालावं लागत नाही. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांमध्ये खोल, गुळगुळीत खळगे आहेत. कुमेयाय लोकांनी बिया कुटून कुटून, पिढ्यान्‌पिढ्या, ते पाडलेत. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने खाली बसून एका खळग्यात कोपरापर्यंत हात घातला, बोटांनी तळ फिरवून बघितला आणि म्हणाली, “अरे हे उखळच की.” मग बराच वेळ ती तिथे बसून राहिली आणि शेजारच्या शिळेवर एक उथळ घासल्याची जागा होती ती दाखवून म्हणाली, “आणि हा पाटा.” दहा वर्षं मी त्या शिळांवरून पर्यटकांना माहिती देत होतो, तो पाटा मला दिसला नव्हता. चढावर जी घायपातं दिसतील, तीही त्यांचं अन्न होतं. त्यांचे गड्डे खड्ड्यात घालून भाजत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्ह वर यायच्या आत चित्रांची वाट, साधारण मैलभर जाणं आणि तेवढंच येणं. एका खडकावर लाल-पिवळ्या रंगातल्या खुणा आहेत. त्यांना हात लावायचा नाही, बोटाच्या तेलाने रंग जातो. घोस्ट माउंटनचा चढ आई-बाबांना नको. मुलांना घेऊन तुम्ही एकटे जाऊन या: खडा चढ, वर मातीच्या घराचे अवशेष. मार्शल साउथ नावाचा लेखक १९३० च्या सुमारास बायकोला घेऊन त्या डोंगराच्या माथ्यावर राहायला गेला, तिथेच तीन मुलं वाढवली आणि दीडेक दशक राहिला. वर पाण्याचा थेंब नव्हता. पावसाचं पाणी साठवायला त्याने टाकी बांधली आणि बाकीचं खालून वाहून नेलं. एकोणीस किलोचा कॅन तंबूपर्यंत नेताना मुलं कुरकुरली तर त्यांना आधी ते टाकं दाखवून आणा. आणि व्हॅलीच्या तोंडाशी जी खिंड आहे तिचं नाव फूट अँड वॉकर पास. १८५८ ते १८६१ बटरफिल्डच्या टपालगाड्या इथून जायच्या. चढ असा की प्रवाशांना उतरून चालावं लागे, वेळप्रसंगी गाडी ढकलावी लागे. घाटात बंद पडलेली एसटी ढकललेल्या आपल्या लोकांना यात विशेष काही वाटत नाही.

रात्री दिवे विझवा. बोरेगो स्प्रिंग्ज हे २००९ पासून काळोख जपणारं गाव म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि ब्लेअर व्हॅलीतही आकाश तसंच आहे. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा, पौर्णिमेच्या आसपास गेलात तर टॉर्चशिवाय फिरणं. दोन्हींतलं एकच मिळतं. दहानंतर शांततेचा नियम आहे. तंबूंवर रंगीत दिव्यांच्या माळा लावू नका, दिवाळी नुकतीच झालेली असली तरी. शेजारी शंभर फुटांवर असला तरी गप्पा त्याला शब्दन्‌शब्द ऐकू जातात; मराठीत असल्या म्हणून बिनधास्त राहू नका, एकदा पलीकडच्या तंबूतून “काका, आम्ही पुण्याचे” असं उत्तर आलं होतं.

घरी कोणाकडे तरी लिहून ठेवा: कुठे जातोय, कुठली गाडी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. नव्या फोनवरून उपग्रहामार्गे मदतीचा संदेश जातो, तो कसा पाठवायचा ते घरी अंगणात एकदा करून बघा. आणीबाणीत ते पान पहिल्यांदा उघडायचं नाही.

आणि शेवटचं, न जाण्याबद्दल. निघायच्या आदल्या रात्री अंदाज पुन्हा बघा. झोत ताशी ३० मैलांच्या वर दिसले, किंवा रात्री पाऊस दिसला, तर मुक्काम रद्द. मुलं रडतील, बाबा म्हणतील एवढं काय त्यात. दिवसभर जाऊन उखळं बघा, येताना ज्युलियनला सफरचंदाचा पाय खा आणि झोपायला घरी या. गोठवलेली आमटी दुसऱ्या दिवशीही चालते.